साडेबारा हजार किलोमीटर आणि शेवटचे ऐंशी : टोरोंटोहून मालवण तालुक्यातल्या घरी पोचण्याचं एक प्रकरण

कुडाळात माझं तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. रेल्वे, बस, विमान, सगळं करतो. "अमक्या शहरातून विमानाला किती तास लागतात?" हा प्रश्न आठवड्यातून चार-पाचदा तरी येतो. एरवी त्याचं उत्तर थोडं चुकलं तर कुणाचं फारसं बिघडत नाही. जुलै २०२५ मध्ये एका घराचं बिघडलं, आणि त्यात माझाही थोडा हात होता. म्हणून ते प्रकरण सविस्तर मांडतो आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे काही तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातलं, खाडीच्या अंगाला असलेलं एक गाव. घरात वडील आणि आई दोघंच. वडिलांना सगळे नाना म्हणायचे, वय चौऱ्याहत्तर. मुलगी पुण्याला दिलेली. मुलगा नऊ वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. तो राहतो टोरोंटोच्या पश्चिमेला, विमानतळापासून ११० किलोमीटरवर. पासपोर्ट भारतीय, कॅनडाचं कायम वास्तव्याचं कार्ड मिळालेलं. शेजारच्याच घरात पुतण्या. नानांचं दुखणं-खुपणं, बँक, बागेतला माणूस, सगळं तोच बघायचा.

गावापासून मोपा विमानतळ सुमारे ८० किलोमीटर. तो गोव्याच्या हद्दीत, पण आम्हा सिंधुदुर्गकरांच्या उंबऱ्यावरच आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिथून प्रवासी विमानं सुरू झाली तेव्हापासून आमच्या धंद्याचं गणितच बदललं. मुंबईचा विमानतळ रस्त्याने जवळपास ५०० किलोमीटर. चिपीचा विमानतळ तर गावाला सगळ्यात जवळ. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण त्या आठवड्यात मुंबईहून चिपीला येणारं सोयीचं विमान नव्हतं, त्यामुळे तो पर्याय पहिल्या मिनिटालाच गळला.

सोमवारी संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी नाना घरीच गेले. हृदयाचं दुखणं जुनं होतं, तरी इतक्या लवकर जातील असं कुणाला वाटलं नव्हतं.

अडचण कुठे सुरू झाली

कोकणातल्या गावाला मुलाची वाट बघणं नवीन नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरातला कर्ता मुलगा मुंबईला. आधी बोट, मग एसटी, आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण कोकण रेल्वे. साधनं बदलली, पण गावाच्या मनातलं माप एकच राहिलं : एक रात्र. संध्याकाळी निरोप गेला की सकाळी चाकरमानी हजर. मयत रात्रभर घरात ठेवायचं, भजनी मंडळी बसायची, सकाळी मुलगा आला की उचलायचं. त्यात कुणाची चूक नाही. ते माप त्या अंतरासाठी बरोबरच होतं.

नाना गेल्यावर अर्ध्या तासात अंगणात माणसं जमली. कुणीतरी फोनवर टोरोंटो ते मुंबई अंतर काढलं. साडेबारा हजार किलोमीटर, उड्डाणाचा वेळ साधारण पंधरा तास. पंधरा तास म्हणजे एक रात्र आणि वर थोडं. गावाच्या मापात ते अगदी चपखल बसलं. "फाल्या सकाळी झिल पोचतलो" (उद्या सकाळी मुलगा पोचेल), असं एकाने म्हटलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. मंगळवारी दुपारी चार वाजता उचलायचं ठरलं. मुंबईच्या, पुण्याच्या, बेळगावच्या नातेवाइकांना तसे फोन गेले. फळ्यावर लिहिलं गेलं.

त्या वेळी मुलाकडे तिकीट नव्हतं. तो अजून कामाच्या ठिकाणाहून घरीसुद्धा पोचला नव्हता.

त्या पंधरा तासांबद्दल इथेच सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या आकड्यातून आला. तो आकडा खोटा नाही. टोरोंटो ते मुंबई हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर साडेबारा हजारांच्या आसपासच आहे. प्रवासी विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातं, भागाकार केला की चौदा-साडेचौदा तास येतात, उड्डाण-उतरणीचा थोडा वेळ धरला की पंधरा. पण त्या वाटेने त्या दिवशी मुंबईला सरळ येणारं विमानच नव्हतं. फोनवर दिसलेला आकडा हा गणितातल्या विमानाचा होता. त्या विमानाला घर सोडावं लागत नाही, रांगेत उभं राहावं लागत नाही, दुसऱ्या विमानाची वाट बघावी लागत नाही, आणि ते कोकणात येत नाही.

पुतण्याचा फोन मला आला सव्वाआठ वाजता. टोरोंटोत तेव्हा सकाळचे पावणेअकरा वाजले होते. उन्हाळ्यात टोरोंटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. मुलाला बातमी कळली होती तिकडच्या साडेनऊच्या सुमारास. मधला सव्वा तास फोनाफोनीत, रडण्यात आणि अंगणातल्या त्या हिशोबात गेला. माणसं आहेत, जाणारच. तरीही त्या सव्वा तासाची किंमत पुढे दिसेल.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न प्रवासाचा नव्हताच. थांबायचं की नाही, हा होता. घरात तीन मतं होती. एक, पुतण्याने अग्नी द्यावा, मंगळवारी सकाळीच उरकावं, मुलाने अस्थिसंचयाला किंवा दहाव्याला यावं. दोन, मंगळवार संध्याकाळपर्यंत थांबावं, आला तर आला. तीन, कितीही वेळ लागो, मुलगा आल्याशिवाय हलवायचं नाही. मी ऑफिसातून फोनवर हे ऐकत होतो. मला ठरवायचा अधिकार नव्हता, पण मतं मांडणाऱ्या कुणालाच खरा वेळ माहीत नव्हता, आणि तो सांगणं माझं काम होतं. मी पुतण्याला म्हटलं, "अर्धा तास दे, आणि तोपर्यंत कुणाला नवी वेळ सांगू नको."

त्या दिवशी टोरोंटोहून निघणाऱ्या तीन वाटा हाताशी होत्या.

आखातातून येणारी वाट : तिकडच्या दुपारी २:२५ ला निघून साडेबारा-पावणेतेरा तासांत दुबई, तिथे सव्वाचार-साडेचार तास थांबा, मग तीन तासांत मुंबई. मंगळवारी रात्री आठला मुंबईत.

युरोपातून येणारी वाट : संध्याकाळी ६:०५ ला निघून सकाळी साडेसातला फ्रँकफर्ट, पाच तासांच्या वर थांबा, मग मुंबई. बुधवारी मध्यरात्र उलटून साडेबाराच्या सुमारास.

दिल्लीची सरळ वाट : रात्री साडेअकराला निघून मंगळवारी रात्री साडेअकराला दिल्ली. एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद होतं, त्यामुळे या उड्डाणाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता. तरी टोरोंटोपासून भारताच्या जमिनीपर्यंतचा वेळ बघितला तर तीनही वाटांत सगळ्यात कमी याच वाटेला.

पुतण्याला फ्रँकफर्टची वाट उलटी वाटली. "जर्मनीत कशाक जाऊचा? लांब नाय पडत?" त्याला मी नारळाचं उदाहरण दिलं. नारळावर दोन खुणा करून त्यांच्यात दोरा ताणून धर, दोरा सगळ्यात जवळच्या वाटेने बसतो. पृथ्वीवर टोरोंटो आणि मुंबई यांच्यामध्ये तसा दोरा ताणला तर तो अटलांटिकवरून आडवा येत नाही. तो वर चढतो, ग्रीनलंडवरून, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला जातो आणि मग रशिया, मध्य आशिया करत खाली उतरतो. त्या दोऱ्याच्या मानाने फ्रँकफर्टवरून आलं तरी वाट फार वाढत नाही. टोरोंटो–फ्रँकफर्ट सुमारे ६,३५० किलोमीटर, फ्रँकफर्ट–मुंबई सुमारे ६,५५०. बेरीज १२,९००. दुबईवरून आलं तर १३,०००. दिल्लीला सरळ ११,६५०, आणि पुढे दिल्ली–मोपा जवळपास दीड हजार, म्हणजे पुन्हा तेरा हजारांच्या वरच. सगळ्या वाटा चार-पाचशे किलोमीटरच्या फरकाने सारख्या. विमानाला तो अर्ध्या तासाचा मामला. अंतरावरून वाट निवडण्यात अर्थच नव्हता.

माझी पहिली निवड दिल्लीची होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. एकच मोठं उड्डाण, मधे कुठे विमान चुकायची भीती नाही, मुलाला घर आवरायला भरपूर वेळ. मी भाडं बघायलाही लागलो होतो. मग सवयीप्रमाणे कागदावर उलटं लिहायला घेतलं. घर, त्याच्याआधी मोपा, त्याच्याआधी मोप्याला येणारं विमान.

तेव्हा लक्षात आलं की दिल्लीहून काय आणि मुंबईहून काय, मोप्याला येणारं सोयीचं पहिलं विमान बुधवारी पहाटेचंच होतं. मंगळवारी रात्री आठला मुंबईत उतरणाऱ्यालाही त्या रात्रीचं मोप्याचं विमान जुळत नव्हतं. टोरोंटोहून दुपारी निघा, संध्याकाळी निघा की रात्री निघा, घरी पोचायची वेळ एकच : बुधवारी सकाळी साडेनऊ-दहा. नऊ तासांच्या अवधीत सुटणारी तीन विमानं शेवटी एकाच दारातून आत येत होती.

मग फरक उरला तो त्या दारापाशी हातात किती वेळ शिल्लक राहतो, आणि दार बंद निघालं तर दुसरी वाट आहे का, एवढाच. दुबईमार्गे आल्यास मुंबईत दहा तास शिल्लक, आणि विमानाचा भरवसा वाटला नाही तर रातोरात गाडीने निघून सकाळी सात-आठला घर. फ्रँकफर्टमार्गे पाच तास शिल्लक, आणि गाडीचा पर्याय आहे, पण उशिराचा. दिल्लीमार्गे सहा तास शिल्लक, आणि पहाटेचं विमान हुकलं तर पुढचं दुपारी. दिल्लीहून गाडी काढण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणजे सर्वांत चांगली वाट दुबईची होती.

काय केलं

मुलाशी मी थेट बोललो तेव्हा तिकडे सव्वाअकरा वाजून गेले होते. दुबईच्या विमानाचा काउंटर तासभर आधी, म्हणजे १:२५ ला बंद होणार. ११० किलोमीटर गाडीने सव्वा ते दीड तास. तो लगेच निघाला असता तर पोचला असता, जेमतेम.

पण कायम वास्तव्याचं कार्ड सापडत नव्हतं. त्या कार्डाशिवाय परत कॅनडाच्या विमानात सहजासहजी बसता येत नाही. शिवाय भारतीय पासपोर्टवर फ्रँकफर्टला विमान बदलायचं, तर तेव्हा ट्रान्झिट व्हिसातून सूटही त्याच कार्डावर मिळत होती. चाळीस मिनिटं तो आणि बायको घर उलथंपालथं करत होते. ते सापडलं मुलीच्या शाळेच्या कागदांच्या फाइलमध्ये. तोवर बारा वाजून गेले होते आणि दुबई हातची गेली.

इथे तो सव्वा तास आठवतो. साडेनऊला बातमी कळल्याबरोबर "आधी पासपोर्ट आणि कार्ड हातात घे, गाडी काढ, तिकिटाचं वाटेत बघू," एवढं त्याला कुणी सांगितलं असतं, तर तो दुबईच्या विमानात असता. सांगणारं कुणी नव्हतं. अंगणात पंधरा तासांचा हिशोब चालला होता.

फ्रँकफर्टचं तिकीट काढलं. भाडं एरवीच्या दुपटीहून जास्त पडलं. जवळचं माणूस गेल्यावर काही कॅनेडियन विमान कंपन्या सवलतीचं भाडं देतात, पण ते फोन करून मागावं लागतं आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. मुंबई–मोप्याचं तिकीट वेगळं काढलं. मुलाला एकच गोष्ट बजावून सांगितली : बॅग फक्त खांद्यावरची. मुंबईत पट्ट्यावर सामानाची वाट बघण्यात तास जातो, आणि दोन वेगळ्या तिकिटांवर सामान पुढे आपोआप जात नाही.

रात्री पावणेदहाला मी पुतण्याला वेळ सांगितली : सगळं सुरळीत झालं तर बुधवारी सकाळी साडेनऊ ते दहा. त्यात पावसाचे दोन तास मिळव. म्हणजे बारा. मंगळवार विसर.

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "लोकांक काय सांगू?"

मुलाची पुण्याची बहीण तोपर्यंत नवऱ्याबरोबर गाडीने निघाली होती, तिला थांबवण्यात अर्थ नव्हता. मुंबईहून नानांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे, नातवाबरोबर रात्रीच्या गाडीत बसली होती. मंगळवारी पहाटे ती कुडाळला उतरली तेव्हा तिला कळलं की आज काही नाही. पावसाळी वेळापत्रकात गाड्या आधीच हळू चालतात. ती बाई रात्रभर बसून आली आणि पुढे दीड दिवस मयताच्या उशाशी बसून राहिली. तिची तब्येत त्यानंतर महिनाभर सुधारली नाही.

मयत कुठे ठेवायचं हा दुसरा निर्णय. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात शवागार आहे, तीसएक किलोमीटरवर. नाहीतर घरी फ्रीजरची पेटी. आईला नाना घरातच हवे होते, म्हणून पेटी आणली. मंगळवारी रात्री साडेअकराला पाऊस-वाऱ्यात लाइट गेली. घरातल्या इन्व्हर्टरवर पेटी चालेना. पुतण्याने रात्री बारा वाजता मंडपवाल्याला उठवून जनरेटर आणला, स्वतः डिझेलचा कॅन घेऊन बसला. लाइट आली पहाटे चारला. जनरेटर आधीच आणून ठेवायला हवा होता. जुलै महिन्यात आमच्याकडे लाइट जाणं हा अपघात नसतो.

मुंबईतली पहाट

मुलगा ठरल्या वेळेला फ्रँकफर्टला पोचला, ठरल्या वेळेला निघाला. मंगळवारची मध्यरात्र उलटून १२ वाजून ४० मिनिटांनी मुंबईत उतरला. सामान नसल्यामुळे दीडला बाहेर. बाहेर डोंबिवलीचा मावसभाऊ गाडी घेऊन उभा होता. ती गाडी आम्ही मुद्दाम ठेवली होती, रस्त्याने यायची वेळ आली तर असावी म्हणून.

आणि दीड वाजता मला फोन आला. मावसभावाचं म्हणणं, "आत्ताच निघू या. विमानाचा काय भरवसा, मोप्याला धो धो पाऊस आहे म्हणतात." मुलगा काहीच बोलत नव्हता. शेवटी त्याने फोन हातात घेतला आणि विचारलं, "काका, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण माझ्यासाठी हाच होता, म्हणून त्या वेळी काय डोक्यात चाललं होतं ते लिहितो.

गाडीने दोनला निघालं तर पाचशे किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ६६ चे काही तुकडे चांगले झाले आहेत, कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो. पण पावसात, रात्री, अर्धवट कामांच्या पट्ट्यांतून अकरा तास धरायलाच हवेत. म्हणजे दुपारी एक. आणि गाडी चालवणारा मावसभाऊ दिवसभर नोकरी करून आलेला, झोप न झालेला. पहाटेच्या रेल्वेगाड्या, जनशताब्दी किंवा त्या दिवशी असलेली वंदे भारत, पावसाळी वेळेने दुपार झाल्याशिवाय पोचवत नव्हत्या.

विमान ५:५५ चं. वेळेवर गेलं तर घरी साडेनऊ. दोन तास उशीर झाला तरी साडेअकरा, म्हणजे गाडीच्या आधीच. पण रद्द झालं, किंवा मोप्याला उतरता न आल्याने दुसरीकडे वळवलं, तर सगळंच गेलं. त्यानंतर सात वाजता गाडीने निघून संध्याकाळी सहा.

विमान थोडं उशिरा गेलं तरी चालणार होतं, अजिबात न गेलं तर चालणार नव्हतं. मी त्या आठवड्यातल्या मोप्याच्या सकाळच्या विमानांची स्थिती आधीच बघून ठेवली होती. रोज पाऊस होता, रोज थोडाफार उशीर होता, पण त्या दिवसांत त्या वेळेचं विमान उतरलं होतं. शिवाय झोप न झालेल्या माणसाच्या हातात पावसाळी घाटातली गाडी देणं मला पटेना. मी म्हटलं, "विमान. पण भावाला सांग, तू आत जाऊन विमान प्रत्यक्ष उडेपर्यंत त्याने गाडीतच झोप काढावी. घरी जाऊ नये."

विमान १ तास ४० मिनिटं उशिरा, ७:३५ ला सुटलं. त्या शंभर मिनिटांत मी काय केलं असेल ते सांगत नाही. ८:५० ला मोप्याला उतरलं. पुतण्याचा मित्र गाडी घेऊन बाहेर उभा. बांदा, सावंतवाडी, कुडाळ करत, पावसातून, ११ वाजून १० मिनिटांनी मुलगा दारात.

परिणाम

साडेबाराला नानांना उचललं. मुलाने अग्नी दिला. पाऊस तेवढ्यापुरता थांबला होता.

मुलगा टोरोंटोजवळच्या घरातून निघाला तो आपल्याकडच्या वेळेने सोमवारी रात्री अकराला. तिथून घराच्या दारापर्यंत ३६ तास १० मिनिटं. त्यातले हवेत बरोबर १७ तास. उरलेले १९ तास १० मिनिटं जमिनीवर : घर ते विमानतळ आणि विमान सुटेपर्यंत साडेचार, फ्रँकफर्टला सव्वापाच, मुंबईत जवळपास सात, मोप्यापासून घर सव्वादोन. सगळ्यात जास्त वेळ मुंबईत गेला, पाचशे किलोमीटरवर, घराच्या सगळ्यात जवळ येऊन. मुलगा नंतर म्हणाला की अटलांटिकवर त्याला काही वाटलं नाही, सगळा जीव गोळा झाला तो सांताक्रूझच्या टर्मिनलवरच्या खुर्चीत.

परत जाताना तो दुबईवरून गेला. वर आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. इकडे येताना ते विमानाला ढकलतात, जाताना अंगावर येतात. त्यामुळे त्याच अंतराला जाताना तास-दीड तास जास्त लागतो. त्याने ते मोजलं नाही. मी सवयीने मोजलं.

काय वेगळं करता आलं असतं

वेळ जाहीर करण्याची घाई. तिकीट हातात येण्याआधी कुणालाही वेळ सांगायला नको होती. आता माझ्याकडे असा फोन आला की मी पहिलं वाक्य तेच बोलतो. दुसरं वाक्य : परदेशातल्या माणसाने तिकिटाची वाट न बघता कागदपत्रं घेऊन विमानतळाकडे निघावं. ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा घरांना मी आता आधीच सांगून ठेवतो की पासपोर्ट, कार्ड, परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (व्हिसाशिवाय भारतात येता येतं ते कार्ड), सगळं एका पाकिटात, एका ठरलेल्या जागी असू दे. चाळीस मिनिटांनी मुंबईतली साडेचार-पाच तासांची सवड खाल्ली हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

माझी चूक ही की दिल्लीच्या तिकिटात मी पंधरा मिनिटं घालवली. शेवटच्या टप्प्यापासून उलटं मोजायचं हे मला माहीत होतं. तरीही एकूण तास सगळ्यात कमी कुठे, हेच मी आधी बघितलं. अंगणातल्या माणसांनी केलं तेच मी ऑफिसात बसून केलं, फक्त माझा आकडा थोडा बरा होता.

मुंबईतल्या निर्णयाबद्दल मला अजूनही विचारलं जातं. विमान उतरलं म्हणून तो बरोबर ठरला असं मी मानत नाही. नसतं उतरलं तरी त्या माहितीवर मी तेच सांगितलं असतं. मात्र एक राहिलं. विमान रद्द झालं तर पुतण्याने अग्नी द्यायचा का, किती वाजेपर्यंत थांबायचं, हे आम्ही कुणीच आधी ठरवलं नव्हतं. बारा ही वेळ लोकांसाठी होती. घरासाठी शेवटची वेळ कोणती, हे कुणी कुणाला विचारलं नाही. रात्री दीड वाजता ते ठरलेलं असतं तर मुलाच्या खांद्यावरचं ओझं निम्मं झालं असतं.

आणि जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते वेगळंच होतं. महिन्याभराने मी कागद द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. आईंनी चहा ठेवला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी खूप केल्यात. पण थांबाक व्हया काय नको, ता माका कोणी इचारूकच नाय."

मी आठवून बघितलं. सोमवारी रात्रीची तीन मतं : एक दिराचं, एक पुतण्याचं, एक गावातल्या वडीलधाऱ्याचं. मुलाला विचारलं होतं, तो "थांबा" म्हणाला होता. मीही अर्ध्या तासात तीन वाटा मांडल्या, किलोमीटर मांडले, तास मांडले. त्या पलीकडच्या खोलीत होत्या. दोन रात्री त्या पेटीजवळ बसून राहिल्या, त्यातली एक जनरेटरच्या आवाजात.

"मग तुम्ही काय सांगितलं असतं?" मी विचारलं.

त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, मुलाला फोनवर बजावून ठेवलं आहे : "माझ्या येळेक वाट बघू नकात. पुतण्यान अग्नी दिल्यान तरी चलात. तू दहाव्याक ये, सावकाश."

मुलाने त्यावर अजून हो म्हटलेलं नाही.